"कूट घातलाय का?" शेंगदाण्याची ॲलर्जी घेऊन कामाच्या दौऱ्यावर जायचं तर

मी पंप आणि कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसमध्ये आहे, महिन्यातले बारा-पंधरा दिवस बाहेरच. चाकण, वाळूज, बुटीबोरी, सोलापूरची चिंचोळी, गोकुळ शिरगाव, जिथे एमआयडीसी तिथे आमची बॅग. आणि मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधी नाही, घसा आवळतो अशी. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, "मग उपवासाला काय खाता?"

घरी काही प्रश्न नसतो, डबे ठरलेले, आईने कूट करणंच बंद केलंय. गोची होते ती दौऱ्यावर. तिथे जेवण आपल्या हातात नाही, समोर कस्टमर बसलेला, तो आग्रह करतोय आणि आपल्याला त्याच्याकडून पेमेंटही काढायचंय. मला आजवर दोनदा जोरदार रिॲक्शन आली, दोन्ही वेळा मला माहीत होतं की विचारायला पाहिजे, आणि दोन्ही वेळा भिडेखातर विचारलं नाही किंवा चुकीचं विचारलं. म्हणून हे सगळं लिहितोय. डॉक्टर मी नाही, औषधाचं जे सांगतोय ते माझ्या डॉक्टरांनी मला शिकवलेलं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

पहिली स्टेप: नक्की कशाची आहे ते माहीत करून घ्या

"मला बहुतेक दाण्याने होतं" एवढ्यावर दौरा काढू नका. ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जाऊन स्किन प्रिक टेस्ट (चामडीवर हलकं टोचून बघतात ती) करा, नाहीतर रक्ताची स्पेसिफिक आयजीईची, म्हणजे त्या पदार्थाविरुद्धच्या ॲलर्जीच्या अँटीबॉडीची, टेस्ट होते. प्रिक टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर टेस्ट खोटीच निगेटिव्ह येते, म्हणून दौऱ्याच्या आदल्या दिवशी पळत जाऊ नका. आणि त्या शंभर-दोनशे पदार्थांच्या पॅकेजवाल्या टेस्ट मिळतात ना, त्यांच्या नादी लागू नका, माझ्या एका कलीगने केली आणि रिपोर्टमध्ये गहू, दूध, वांगी, सगळं लाल. तो आयुष्यभर चपाती खातोय आणि त्याला काही होत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली पण खाल्ल्यावर काही होत नसेल तर ती ॲलर्जी धरत नाहीत, डॉक्टर आधी तुमची हिस्टरी विचारतो ते त्यासाठीच.

अजून एक, शेंगदाणा हा नट नाही, तो तूर-हरभऱ्याच्या जातीतला, जमिनीखाली येणारा. त्यामुळे शेंगदाणा चालत नाही म्हणजे काजू-बदाम चालत नाहीच असं नाही, दोन्हीची असूही शकते, पण ते वेगळं तपासावं लागतं. काजूची असेल तर पिस्त्याचंही विचारा, ते दोघं जवळचे.

दुसरी स्टेप: किट

माझ्या बॅगेत एक छोटा डबा असतो. त्यात ॲड्रेनॅलिनचे, म्हणजे जोरदार रिॲक्शनवरच्या मुख्य इंजेक्शनचे, तीन ॲम्प्यूल (काचेच्या छोट्या बाटल्या), २ एमएलच्या तीन सिरिंज, १ इंची सुया, स्पिरिटचे स्वॅब, फेक्सोफेनाडिनच्या गोळ्या, दम्याचा पंप आणि डॉक्टरांचं पत्र. परदेशात पेनसारखं ऑटो-इंजेक्टर असतं, मांडीला टेकवलं की झालं, आपल्याकडे ते मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, म्हणून हा ॲम्प्यूल-सिरिंजचा खटाटोप. ॲम्प्यूल स्वस्त असतात पण प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि मुख्य म्हणजे फोडून भरायचं आणि टोचायचं हे डॉक्टरांसमोर बसून सलाइनच्या पाण्याने पाच-सहा वेळा करून बघावं लागतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा काचच हातात घुसली. रिॲक्शन चालू असताना हात थरथरतात, तेव्हा शिकायची वेळ नसते.

मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति एमएलच्या ॲम्प्यूलमधून अर्धा एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, सरळ स्नायूत. शिरेत नाही आणि चामडीखालीही नाही. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, सुई फार छोटी असते.

ॲड्रेनॅलिनला ऊन आणि उजेड दोन्ही चालत नाही. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवलं तर ते गेलं समजा. फ्रीजमध्येही ठेवायचं नाही. पाण्यासारखं नितळ असलं पाहिजे, गुलाबी-तपकिरी दिसलं की फेकून नवं घ्या. मी एक्स्पायरीची तारीख मार्करने डब्यावरच लिहून ठेवतो.

बीपीसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल, बऱ्याच जणांना असतं, तर ॲलर्जीच्या डॉक्टरला सांगा, त्याने ॲड्रेनॅलिनचा असर कमी होऊ शकतो. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका.

तिसरी स्टेप: निघायच्या आधी सांगून ठेवा, लाज सोडून

साइटवरच्या कोऑर्डिनेटरला आदल्या दिवशी मी हा मेसेज टाकतो, लागला तर तसाच उचला:

"नमस्कार सर, उद्या १० पर्यंत पोचतो. एक विनंती, मला शेंगदाण्याची सिरीयस ॲलर्जी आहे, थोडा कूट पोटात गेला तरी हॉस्पिटलला न्यावं लागतं. जेवणात शेंगदाणे, कूट, शेंगदाण्याची चटणी, घाण्याचं शेंगतेल काहीच नको. साधं वरण-भात आणि दही चालेल. जवळचं मोठं हॉस्पिटल कुठलं तेही कळवा प्लीज."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. हॉस्पिटल विचारलं की समोरच्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो की हे नखरे नाहीत. नुसतं "ॲलर्जी आहे" लिहिलं की लोकांना वाटतं अंगाला खाज सुटत असेल, घेईल एक गोळी.

सोबत येणाऱ्या एका माणसाला किट कुठे आहे आणि टोचायचं कसं ते दाखवा. मग तो ड्रायव्हर असो, ट्रेनी असो. आमच्या ड्रायव्हर काकांना मी दाखवलं तर ते म्हणाले, "साहेब, म्हशीला देतो मी इंजेक्शन, तुम्ही काय घाबरता." त्या दिवसापासून मला निवांत झोप लागते.

कंपनीच्या मेडिक्लेमचं कार्ड आणि डॉक्टरांच्या पत्राचा फोटो फोनच्या लॉक स्क्रीनवरून उघडेल असा ठेवा.

चौथी स्टेप: जेवण

आता खरा मुद्दा. "यात शेंगदाणे आहेत का?" असं विचारलं की दहापैकी आठ ठिकाणी उत्तर येतं "नाही", आणि तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर अख्खा दाणा असतो. कूट म्हणजे त्याच्या लेखी शेंगदाणा नाहीच, तो मसाला. माझी पहिली रिॲक्शन काकडीच्या कोशिंबिरीने आली, मी विचारलं होतं, वाढणाऱ्याने मनापासून नाही म्हटलं होतं. तेव्हापासून मी ॲलर्जी हा शब्द स्वयंपाकघरात वापरतच नाही, सरळ वस्तूंची नावं घेऊन विचारतो: कूट घातलाय का? वाटणात दाणे आहेत का? तेल कुठलं? चटणी कशाची? आणि वाढणाऱ्याला नाही, ज्याच्या हातात झारा आहे त्याला विचारतो. आत जाऊन विचारायला ऑकवर्ड वाटतं, खरं आहे, पण आचाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, उलट तो खुश होतो की कोणीतरी आत आलं.

गावागणिक शब्द बदलतो हेही लक्षात ठेवा. विदर्भात फल्ली म्हणतात, फल्लीदाणे, फल्लीतेल. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात नुसतं शेंगा म्हटलं तरी हेच. तेलंगणात पल्ली, आणि तिथे इडलीबरोबरची चटणी बऱ्याचदा पल्लीचीच असते, खोबऱ्याची समजून खाऊ नका. तमिळनाडूत वेरकडलै, बंगालमध्ये चिनेबादाम, गुजरातेत सिंग, आणि सौराष्ट्रात तर फरसाण सिंगतेलात तळलेलं असणार हे धरूनच चाला.

आपल्याकडचे सापळे माझ्या अनुभवातून: भरली वांगी, कुठलीही भरलेली भाजी, साबुदाणा खिचडी आणि वडा, थालीपीठ, मिसळीतलं फरसाण, चिवडा, लाल ठेचा आणि हिरवाही, पालकाची पातळ भाजी, खान्देशातलं भरीत, सोलापूरची शेंगा चटणी जी न मागता ताटात येते. ढाब्यावरची पनीरची घट्ट ग्रेव्ही, तिच्यात काजूच्या जागी मगज (टरबूज-खरबुजाच्या बिया) किंवा शेंगदाणे जातात कारण काजू परवडत नाहीत. दिवाळीत कस्टमर बॉक्स देतो त्यातली स्वस्त काजूकतली, तिच्यात दाण्याची भेसळ होते, मी ती शेजाऱ्यांना देऊन टाकतो. आणि ऑफिसात कोणीतरी लोणावळ्याहून आणलेली चिक्की फोडली की त्याच हाताने कीबोर्डवर तुकडे, मग मी तिथे बसायच्या आधी टेबल ओल्या फडक्याने पुसतो. नुसत्या वासाने सहसा काही होत नाही बरं का, पोटात जाणं किंवा हाताला लागून तोंडाडोळ्यात जाणं हे धोक्याचं. ट्रेनमध्ये शेजारी कोणी शेंगा सोलत असेल तर भांडू नका, हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने तो अंश निघत नाही.

उपवासाचे दिवस माझ्यासाठी सगळ्यात वाईट. आषाढी, संकष्टी, नवरात्र, श्रावणी सोमवार, कॅन्टीनमध्ये त्या दिवशी जिकडेतिकडे कूट, खिचडीच्या डावानेच भात वाढतात. अशा दिवशी मी डबा घेऊनच निघतो, दौऱ्याच्या तारखा ठरवताना कॅलेंडर बघतो, मॅनेजरला विचित्र वाटलं तरी.

तेलाबद्दल लोक गोंधळतात. कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगतेलात प्रोटीन जवळपास उरत नाही, बऱ्याच जणांना ते चालतं. पण घाण्याचं, लाकडी घाण्याचं, नुसतं फिल्टर केलेलं, ज्याला दाण्याचा वास येतो, त्यात प्रोटीन राहतं. हल्ली हॉटेलांच्या बोर्डावर "आम्ही लाकडी घाण्याचं तेल वापरतो" असं अभिमानाने लिहिलेलं असतं, माझ्यासाठी तो बोर्ड म्हणजे पुढे चला.

मग खायचं काय? वरण-भात (फोडणीचं तेल विचारून), भाकरी, दही, अंडाभुर्जी, तव्यावर समोर केलेलं ऑम्लेट, डोसा चटणीशिवाय, केळी, उकडलेली अंडी. कोकणात काम असलं की मला जरा मोकळं वाटतं, तिथे ओल्या खोबऱ्याचं वाटण, कूट कमी. पण हेच ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी उलटं, तिकडे वांग्या-बटाट्याच्या भाजीतसुद्धा सोडे (सुकवलेली कोळंबी) टाकतात, शाकाहारी दिसतेय म्हणून घेऊ नका.

पॅकबंद पदार्थावर बघायचं ते असं: एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे शेंगदाणा, नट, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, सोया, ग्लुटेनवाली धान्यं आणि ठराविक प्रमाणाच्या वर सल्फाइट, एवढं वेगळं लिहावं लागतं. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी घटकपदार्थांची अख्खी ओळ वाचायची, दुसरा इलाज नाही.

आग्रहाचं काय करायचं? मी हे असं करतो, बसल्या बसल्या, पहिला घास घ्यायच्या आधी, हसत मोठ्याने सांगून टाकतो, "मागच्या वेळी असाच आग्रह झाला आणि मी दोन दिवस हॉस्पिटलला होतो, तुमचं काम राहिलं असतं." काम राहील म्हटलं की आग्रह संपतो. घरी जेवायला बोलावलं तर वहिनींना आधी फोन करून सांगा, ताट वाढल्यावर नाही, त्यांनी सकाळपासून राबून भरली वांगी केलेली असतात आणि मग आपणच गुन्हेगार. रात्रीच्या पार्टीत दारू जरा सांभाळून, दारू, अपुरी झोप आणि ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या यांनी रिॲक्शन अजून जोरात येऊ शकते.

पाचवी स्टेप: रूम आणि प्रवास

हे मी पटकन सांगतो. ज्यांना धुळीची ॲलर्जी आहे, मलाही थोडी आहे, त्यांनी हॉटेलमध्ये गालिचा नसलेली रूम मागा, फरशीची. पावसाळ्यात मुंबई-कोकणात खोलीचं दार उघडल्या उघडल्या कुबट वास आला तर बॅग न ठेवता रूम बदला, नंतर बदलून देत नाहीत. एसी लावून पहिली दहा मिनिटं बाहेर थांबा, चहा प्या. उशीचा अभ्रा घरचा न्या, जागा किती लागते त्याला.

नाकाचा स्टिरॉइड स्प्रे असेल तर तो दौऱ्याच्या आधी आठवडा-दोन आठवडे रोज मारायला लागा, त्याचा असर हळूहळू येतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारा, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नको. नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर नको, सवय लागते आणि नाक आणखी चोंदतं. गाडी चालवायची असेल तर सर्दीच्या त्या झोप आणणाऱ्या गोळ्या टाळा, सेटिरिझिननेही बऱ्याच जणांना पेंग येते. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही, पण ती पाण्याबरोबरच घ्या, संत्र्याच्या-सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही.

प्लांटच्या आवारात काँग्रेस गवत माजलेलं असतं, गाजर गवत हो, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं ते, त्याने अंगावर चट्टे येणारे माझ्या ओळखीत तीन जण आहेत. फुल बाह्यांचा शर्ट घाला आणि परत आल्यावर तो वेगळ्या पिशवीत.

विमानात किट हातातल्या बॅगेत आणि ती बॅग पायापाशी, वर नाही. सुया आहेत म्हणून डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन वर ठेवा, मला सिक्युरिटीला दोनदा थांबवलं, पत्र दाखवलं, सोडलं. ट्रे टेबल पुसून घ्या. वंदे भारत किंवा शताब्दीचं तिकीट काढताना जेवण नको असा पर्याय असतो, तो टाका आणि पैसे वाचवा. ट्रेनमध्ये त्रास झाला तर १३९ आणि टीटीई, दोन्हीला एकदमच सांगा.

सहावी स्टेप: झालंच तर

अंगावर गांध्या उठल्या की आपल्याकडे पहिला माणूस म्हणतो "पित्त उठलंय, आमसूल लावा". नुसत्या चार गांध्या असतील तर ठीक आहे, गोळी घ्या, बसा, कोणालातरी सोबत ठेवा आणि किट हातात ठेवा. पण गांध्यांबरोबर उलटी, घरघर, आवाज बसणं, घसा आवळणं, चक्कर यातलं काहीही आलं, किंवा शेंगदाणा खाल्ल्याचं माहीत आहे आणि गांध्या नसतानाच श्वास अडकायला लागला, तर थांबायचं नाही. कधी कधी गांध्या येतच नाहीत.

आधी ॲड्रेनॅलिन मांडीत, पँटवरून चाललं तरी चालेल. मग १०८ ला फोन, दुसऱ्याने करायचा. आडवं व्हायचं, पाय उंचावर. श्वास लागत असेल तर बसायचं, पाय पुढे पसरून, उलटी होत असेल तर कुशीवर. उठून चालत गाडीपर्यंत जायचं नाही, हे खूप महत्त्वाचं, उभं राहिल्यावर बीपी एकदम कोसळू शकतं. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरा डोस, म्हणूनच तीन ॲम्प्यूल. गोळी आणि पंप हे नंतर, त्यांनी घसा उघडत नाही.

माझ्या दुसऱ्या रिॲक्शनला मी किट गाडीत विसरलो होतो. एका तालुक्याच्या ठिकाणी छोट्या दवाखान्यात नेलं, त्यांनी खाजेचं इंजेक्शन आणि स्टिरॉइड दिलं, "आत्ता बरं वाटेल" म्हणाले, आणि मी तिथे पंचवीस मिनिटं घरघरत बसलो होतो. शेवटी कलीगने माझ्या फोनमधलं डॉक्टरांचं पत्र दाखवलं तेव्हा ॲड्रेनॅलिन दिलं आणि दहा मिनिटांत मी माणसात आलो. त्यामुळे पत्रात ठळक अक्षरांत लिहून घ्या की आधी ॲड्रेनॅलिन.

बरं वाटलं की लगेच साइटवर परत जायचं नाही. काही तासांनी रिॲक्शन पुन्हा उसळू शकते, किमान सहा तास तरी हॉस्पिटलमध्ये थांबा, डॉक्टर जास्त सांगतील तर जास्त. मशीन बंद आहे म्हणून कस्टमर फोन करत राहील, करू दे.

परदेशी दौरा असेल तर

युरोपात चौदा गोष्टी सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, तीळ-मोहरीसकट, आणि सुट्या जेवणाबद्दलही, त्यामुळे तिथे विचारायला बिचकू नका. अमेरिकेत तीळ २०२३ पासून यादीत आला. थायलंड, इंडोनेशिया, मलेशियात मात्र साते सॉस, पॅड थाय, सॅलडवर भुरभुरलेला कूट, आपल्यासारखंच. तिथल्या भाषेत "मला शेंगदाणा चालत नाही, कूट आणि सॉसमध्येही नाही" असं कार्ड प्रिंट करून न्या, फोनमधलं भाषांतर आचाऱ्याच्या तेलकट हातात द्यायचं कसं. जपानला जाताना सर्दीच्या गोळ्या तपासा, ज्यांच्यात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर आहे त्या तिथे न्यायला बंदी आहे.

घरी आल्यावर मी दोनच कामं करतो. किट उघडून मोजतो. आणि फोनमध्ये एक नोट आहे तिच्यात भर घालतो: कुठल्या रस्त्यावरचा ढाबा, आचाऱ्याला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, तेल कुठलं. सहा वर्षांत एकशे चाळीस ठिकाणं झालीत, त्यातली एकतीस हिरवी, म्हणजे मला चालणारी. आचारी बदलला की हिरवं पुन्हा पिवळं करतो, गेल्या महिन्यात नगर रोडवरचा माझा लाडका भुर्जीवाला असाच पिवळा झाला.